विंडोज नव्याने टाकल्यावर आवाज, वायफाय, डिस्प्ले चालत नाहीये? या क्रमाने तपासा

फॉरमॅट मारून विंडोज टाकली, डेस्कटॉप आला, आणि मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागते. आवाज येत नाही, वायफायचं चिन्हच गायब, स्क्रीनवरची अक्षरं मोठीमोठी आणि अस्पष्ट, लॅपटॉप असेल तर ब्राइटनेसची बटणं दाबून काही होत नाही. लगेच हार्डवेअर गेलं असं समजू नका. फॉरमॅटच्या आधी नीट चालणारं साउंड कार्ड विंडोज टाकल्यामुळे जळत नाही, बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला वापरता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, नाहीये किंवा चुकीचा बसलाय एवढंच असतं. पण अशा वेळी घाईघाईत नेटवर दिसेल तो ड्रायव्हर किंवा एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर टाकून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर टाकत सुटलं की साधा प्रॉब्लेम किचकट होऊन बसतो. आधी नेमकं कुठलं डिव्हाइस अडलंय ते ओळखायचं आणि मग त्याचाच ड्रायव्हर टाकायचा, हा क्रम सोडू नका.

आधी नेट चालू करा

वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, इथेच बरेच जण अडकतात. लॅन केबल लावून बघा, ती बऱ्याचदा लगेच चालते. तीही चालत नसेल तर अँड्रॉइड फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग ऑन करा, विंडोजला यासाठी शक्यतो वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त केबल नुसती चार्जिंगची नको, डेटा जाणारी हवी, आणि टेदरिंगचा पर्याय फोन केबलने जोडल्यावरच चालू करता येतो.

नेट आलं की सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट चालवा आणि तिथेच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स म्हणून असतं ते नक्की उघडा, बरेच ड्रायव्हर तिथे गुपचूप पडलेले असतात आणि आपणहून बसत नाहीत. अपडेट झाल्यावर शटडाउन नको, रिस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी स्थिती साठवून ठेवते, रिस्टार्टला मात्र सगळं नव्याने लोड होतं.

डिव्हाइस मॅनेजर नीट वाचा

एवढ्याने काम झालं नाही तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं उद्गारचिन्ह असलेल्या नोंदी बघा, त्यांची नावं विचित्र वाटतात पण त्यातूनच बरंच कळतं. नेटवर्क कंट्रोलर दिसलं तर साधारणपणे वायफाय, इथरनेट कंट्रोलर म्हणजे लॅन, मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर म्हणजे आवाज. एसएम बस कंट्रोलर दिसत असेल तर चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा, ड्रायव्हर राहिलाय. पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर हे बऱ्याचदा इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचं असतं. आणि डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, अक्षरं मोठी दिसतात ती त्यामुळेच.

त्या नोंदीवर डबल क्लिक केलं की कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, हे सगळ्यात सोपं. कोड २२ म्हणजे डिव्हाइस डिसेबल केलेलं आहे, राइट क्लिक करून इनेबल करा, झालं. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकलं नाही, इथे बहुतेक चुकीचा किंवा जुना ड्रायव्हर असतो. कोड ४३ म्हणजे डिव्हाइसनेच काहीतरी गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं, हा ड्रायव्हरमुळेही येतो आणि खऱ्या बिघाडामुळेही, त्यामुळे ड्रायव्हर काढून नव्याने टाकूनही तोच आला तर मग हार्डवेअरवर संशय घ्या.

नुसतं अननोन डिव्हाइस लिहिलेलं असेल तर डिटेल्स टॅबवर जा, प्रॉपर्टीच्या यादीत हार्डवेअर आयडीज निवडा. पीसीआयने सुरू होणारी ओळ असेल तर त्यात व्ही-ई-एन नंतरची चार अक्षरं म्हणजे कंपनी आणि डी-ई-व्ही नंतरची चार म्हणजे नेमकी चिप. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक. ही पूर्ण ओळ कॉपी करून सर्च केली की कुठली चिप आहे ते कळतं, पण ड्रायव्हर शोधात पहिल्या आलेल्या साइटवरून घेऊ नका.

ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पेजवरूनच, आणि मॉडेल नंबर अगदी तोच पाहून, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळी वायफाय कार्डं असू शकतात. मॉडेल माहीत नसेल तर स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन शोधा, तिथे सिस्टिम मॉडेल आणि बेसबोर्ड प्रॉडक्ट लिहिलेलं असतं. आधी चिपसेट टाका आणि रिस्टार्ट मारा, मग लॅन आणि वायफाय, मग ग्राफिक्स, मग ऑडिओ, आणि लॅपटॉप असेल तर शेवटी टचपॅड आणि हॉटकीजचं कंपनीचं सॉफ्टवेअर, ब्राइटनेसची बटणं अनेकदा त्यानेच चालू होतात. चिपसेट आधी टाकायचं कारण असं की बाकीची बरीच डिव्हाइसेस त्याच्यामार्फतच विंडोजला नीट ओळखता येतात.

ड्रायव्हर ठीक आहे तरी चालत नाही?

मग सेटिंग बघा. आवाज येत नसेल तर टास्कबारवरच्या स्पीकरवर जाऊन आउटपुट कुठे जातोय ते पाहा, मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असला की विंडोज कधीकधी आवाज मॉनिटरकडे पाठवते आणि त्याला बऱ्याचदा स्पीकरच नसतात. माइक किंवा कॅमेरा चालत नसेल तर प्रायव्हसी सेटिंगमध्ये परवानगी बंद असू शकते. गेमिंग मॉनिटर असूनही स्क्रीन अडखळल्यासारखी वाटत असेल तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) ६० हर्ट्झवर राहिलाय का बघा, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये हे फार होतं. डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की मदरबोर्डला तेही एकदा मागे वाकून पाहा.

८ जीबी रॅम असून वापरता येणारी ३ जीबीच्या आसपासच दाखवत असेल तर बहुतेक तुम्ही ३२ बिट विंडोज टाकली आहे, तसं असेल तर ६४ बिट टाकण्याशिवाय इलाज नाही.

डी ड्राइव्ह दिसत नसेल तर घाबरू नका पण हातही आवरा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, पार्टिशन आहे पण नुसतं अक्षर नसेल तर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर द्या, ड्राइव्ह लगेच दिसेल. पण विंडोज डिस्क इनिशिअलाइज (कोऱ्या डिस्कसारखी नव्याने तयार) करू का किंवा फॉरमॅट करू का असं विचारत असेल तर हो म्हणू नका, आत डेटा असेल तर आधी तो बाहेर काढायचा विचार करा. ड्राइव्हला कुलूप दिसत असेल तर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह लॉक करायचं फीचर) आहे, त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते.

विंडोज ॲक्टिव्हेट होत नसेल तर आधी होम होती की प्रो ते आठवा, होमचं लायसन्स असताना प्रो टाकली तर ॲक्टिव्हेट होत नाही.

बायोसबद्दल (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगबद्दल) एक गोष्ट मुद्दाम सांगतो, विंडोज टाकून झाल्यावर साटा मोड, म्हणजे डिस्क कुठल्या पद्धतीने जोडायची ते सेटिंग, एएचसीआयवरून रेडवर (RAID) किंवा उलट बदलू नका, बदललात तर पुढच्या वेळी निळी स्क्रीन येऊन विंडोज उघडतच नाही, मोड परत पूर्वीसारखा केला की सहसा सुरू होते. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर तो विंडोजचा दोष नाही, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय, तो बदला. त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही असेल आणि वेळ ठरावीक तासांनीच चुकत असेल तर मात्र सेलला हात लावू नका, लिनक्स हार्डवेअर घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजते.

खरंच हार्डवेअर गेलंय का ते कसं कळणार

आधी पूर्ण पॉवर काढून बघा, म्हणजे बंद करायचं, चार्जर किंवा केबल काढायची, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. वायफाय कार्ड कधीकधी अडकून बसतं ते याने मोकळं होतं. मग बायोसमध्ये ते डिव्हाइस डिसेबल तर नाही ना ते पाहा. तरीही नाहीच, तर पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घेऊन कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता ट्राय करायचा पर्याय घ्या. तिथे वायफाय आणि आवाज चालला तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि गोंधळ विंडोजच्याच बाजूला आहे. तिथेही डिव्हाइसचा मागमूस नसेल आणि बायोसमध्येही दिसत नसेल तर मग दुरुस्तीला न्या, आणि नेताना हे सगळं तपासून झाल्याचं तिथे सांगा, म्हणजे ते पुन्हा फॉरमॅटपासून सुरू करणार नाहीत.

सगळं चालू झालं की त्याच दिवशी एक रिस्टोर पॉइंट बनवा (पुढे बिघडलं तर विंडोज याच स्थितीवर परत आणता येते) आणि उतरवलेले ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर ठेवा, वायफायचा तर नक्कीच.