योकुल्सारलोन पाहायचं तर भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा

आइसलंडला जाणारे पुष्कळ जण योकुल्सारलोन हे हिमनगांचं सरोवर एका दिवसात उरकतात. पहाटे राजधानी रेक्याविकहून बस, वाटेत दोन धबधबे, एक काळा किनारा, हिमनगांसमोर तास-दीड तास आणि मध्यरात्रीच्या सुमारास परत. एका बाजूचं अंतरच सुमारे ३८० किलोमीटर. हे म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाला नमस्कार करून परतणं. पुण्य लागतं, पण विठोबा राहून जातो.

म्हणून पहिली पायरी हीच: सरोवराच्या जवळपास एक रात्र मुक्काम ठरवा. पूर्वेला ८० किलोमीटरवर हॉफ्न हे बंदराचं गाव आहे, पश्चिमेला तासाभराच्या आत राष्ट्रीय उद्यानातलं स्काफ्ताफेल. मधल्या पट्ट्यात शेतघरांची आणि हॉटेलांची संख्या मोजकी, त्यामुळे उन्हाळ्यात जायचं असेल तर खोली विमानाच्या तिकिटाबरोबरच राखून ठेवा.

समोर काय आहे ते आधी समजून घ्या

वातनायोकुल नावाचं हिमाच्छादन आइसलंडचा सुमारे आठ टक्के भूभाग व्यापून बसलंय. त्याचा ब्रेथामेर्कुरयोकुल हा फाटा, म्हणजे एक हिमनदी, पूर्वी जवळजवळ समुद्रापर्यंत पोचत असे. तो मागे सरकू लागला आणि त्याने खरवडलेल्या खड्ड्यात पाणी साचत गेलं. सरोवर १९३४-३५च्या सुमारास दिसू लागलं, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या वयाचं. बर्फ अजून मागे हटतोय, त्यामुळे पाणी दरवर्षी पसरतंय. खोली २४० मीटरपेक्षा जास्त आहे. तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी बुडतील.

सरोवरातून निघणारी नदी अगदी आखूड आहे. रस्त्याच्या पुलाखालून गेली की लगेच समुद्र. योकुल्सारलोनची सगळी मजा या आखूड नदीत आहे. भरतीला समुद्राचं पाणी उलटं आत शिरतं, त्याबरोबर मासे येतात आणि माशांमागे सील. ओहोटी लागली की प्रवाह फिरतो आणि तोंडाशी अडलेले बर्फाचे तुकडे पुलाखालून समुद्राकडे धावतात. त्यातले काही लाटा पुन्हा काळ्या वाळूवर आणून टाकतात. त्या किनाऱ्याला लोक डायमंड बीच म्हणतात.

तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा. ओहोटी सुरू झाल्यावर पुलाजवळ उभं राहायचं, पाणी उतरलं की किनाऱ्यावर जायचं. तरीही किनाऱ्यावर बर्फ सापडेलच असं नाही. काही दिवस सगळा बर्फ वाहून गेलेला असतो. मुक्काम असला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाता येतं.

हंगाम कोणता?

बोटीत बसायचं असेल तर साधारण मे ते ऑक्टोबर. निळ्या बर्फाच्या गुहेत जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च. दोन्ही एका सहलीत जमवायचा हट्ट सोडा. मला जून जास्त आवडतो. सूर्य जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत मावळत नाही. रात्री दहाला जेवून सरोवरावर या: बसगाड्या गेलेल्या असतात, उजेड तिरपा पडलेला असतो आणि हिमनग तडकल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. डिसेंबरात मात्र उजेड जेमतेम चार-पाच तास असतो. त्यात पाचशे किलोमीटर गाडी हाकायचे बेत करू नका.

कागदपत्रं आणि गाडी

आपल्याला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) लागतो, सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, पहिला तासभर डोकं गोंधळतं. डांबरी रस्त्यावर मर्यादा ताशी ९० किलोमीटर. सरोवराजवळचा पूल एकपदरी आहे, तेव्हा समोरून गाडी येत असेल तर थांबायचं.

खरा शत्रू वारा. गाडीचं दार एका हाताने उघडलंत तर ते मागे वळून बिजागरं वाकू शकतात, आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत. करार नीट वाचा, दार दोन हातांनी उघडा. रोज सकाळी सरकारी संकेतस्थळावर रस्त्यांची आणि हवेची स्थिती बघा. मदतीचा क्रमांक ११२.

अंगावर काय?

जीन्स घरी ठेवा. भिजली की दिवसभर वाळत नाही. आत लोकरीचा किंवा थर्मलचा थर, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. छत्री न्यायचा विचारसुद्धा करू नका, पहिल्याच झोतात उलटी होते. डब्यात भडंग, दशम्या असू द्या, कारण वाटेत दुकानं विरळ आहेत. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

बोट कोणती घ्यायची?

जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी मोठी बोट साधारण अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मारते. आजी-आजोबा, लहान मुलं बरोबर असतील तर हीच. गाइड बर्फाचा तुकडा हातात देतो, तो चाखूनही बघता येतो. रबरी झोडियाक बोट लहान आणि वेगवान, हिमनदीच्या भिंतीकडे पार आत जाते. तिला वयाची अट असते आणि थंडी सणसणीत लागते. तब्येत साथ देत असेल तर मी झोडियाकच घेईन. तिथूनच कळतं की निळा बर्फ म्हणजे दाबाखाली हवेचे बुडबुडे निघून गेलेला बर्फ, आणि त्यातले काळे पट्टे म्हणजे ज्वालामुखींची राख.

फोटोसाठी हिमनगावर पाय ठेवायचा नाही. त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो आणि तो न सांगता उलटतो. किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. शांत वाटणाऱ्या पाण्यातून एखादी लाट अचानक कितीतरी पुढे येते.

आसपास

पश्चिमेला दहा किलोमीटरवर फ्यातल्सारलोन हे धाकटं सरोवर आहे. तिथे गर्दी कमी आणि हिमनदीची भिंत जास्त जवळ दिसते. निवांतपणा हवा असेल तर बोट इथली घ्या. स्काफ्ताफेलहून दीड-दोन किलोमीटर चढून स्वार्तिफोस धबधबा गाठता येतो. त्याच्या मागचे काळे बेसाल्टचे खांब पाहून सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ओळखीचं काहीतरी दिसतं. दोन्हीकडचा दगड लाव्हाचाच.

बर्फावर चालायचं आणि गुहेत शिरायचं ते फक्त गाइडबरोबर, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे) आणि हेल्मेट घालून. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेथामेर्कुरयोकुलवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला, आणि तो तर गाइडच्या गटातच होता. गाइडने हवा बघून सहल रद्द केली तर हुज्जत घालू नका.

परतताना स्काफ्ताफेलच्या पश्चिमेला रस्त्याकडेला वाकलेले, पिळवटलेले लोखंडी गर्डर दिसतील. १९९६ मध्ये वातनायोकुलच्या खाली ज्वालामुखी उसळला, बर्फ वितळून नोव्हेंबरात पूर आला आणि पूल मोडून गेला. त्या पुलाचे हे अवशेष. गाडी लावायला जागा आहे, दहा मिनिटं उतरा.