रास्पबेरी पायवर होडीचं नेव्हिगेशन बनवताय? मग या चुका टाळा

पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात, हात शिवशिवत असतात, मग ठाणे-वाशीकडच्या शीडवाल्या मंडळींची रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर), जीपीएस, यूएसबी वायरी असली खरेदी सुरू होते. चांगलंच आहे, तयार चार्टप्लॉटरच्या (नकाशावर होडीची जागा दाखवणाऱ्या यंत्राच्या) किमती बघितल्या की कोणीही हेच करेल. पण ऑक्टोबरात होडी पाण्यात गेली की रडगाणं चालू, जीपीएस मधेच जातंय, बोर्ड आपोआप रिस्टार्ट होतोय, आणि त्यावर पहिला उपाय काय तर एसडी कार्ड पुसून अख्खं ओपनप्लॉटर (पायसाठीचा होडीच्या सॉफ्टवेअरचा संच) परत टाकायचं. अरे बाबांनो, आधी मल्टिमीटर काढा! सॉफ्टवेअरला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

पॉवर, पॉवर आणि पॉवर

पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर पाहिजेत. त्याच्या ऑफिशियल ॲडॉप्टरवर ५.१ व्होल्ट लिहिलेलं असतं ते उगाच नाही, वायरीत थोडं व्होल्टेज पडणार हे धरलेलं असतं. आणि आपण काय करतो, होडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला गाडीतला मोबाइल चार्जर खुपसतो, वर दोन मीटरची बारीक केबल. घरी सगळं मस्त चालतं. होडीवर स्क्रीन, एआयएसचा (जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) सिग्नल पकडणारा एसडीआर डोंगल, जीपीएस सगळं एकदम लागलं की व्होल्टेज बसतं, ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. बऱ्याच जणांना ते सजावट वाटतं बहुतेक, कारण त्याकडे कोणी बघतच नाही.

मोजायचं कसं तेही सांगतो, कारण इथेच गंडतं. १२ चं ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरच्या तोंडाशी मोजू नका, तिथे ५ दिसणारच. बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत ४ नंबरची पिन ५ व्होल्टची आणि ६ नंबरची ग्राउंड, मीटर तिथे लावा (टोक बाजूच्या पिनेला टेकू देऊ नका, नाहीतर बोर्ड गेला), सगळी उपकरणं चालू ठेवा, नकाशा जोरात इकडेतिकडे सरकवा आणि मग आकडा बघा. इंजिन असेल तर स्टार्टर मारताना परत बघा. तेव्हा आकडा कोसळला तर चांगला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) आणि जाड, छोटी केबल घ्या, निम्मी दुखणी तिथेच संपतील. वायर कथिल चढवलेली घ्या आणि क्रिंप करून गोंदवाली हीटश्रिंक लावा, आपल्या खाडीच्या हवेत साधं तांबं बघता बघता हिरवं पडतं.

एका पोर्टवर दोन मालक

जीपीएसचा डेटा जीपीएसडी (जीपीएस वाचणारा प्रोग्राम) पण वाचतंय, ओपनसीपीएन (नकाशाचा प्रोग्राम) पण वाचतंय, सिग्नल के (सगळ्या उपकरणांचा डेटा एकत्र करून वाटणारा सर्व्हर) पण, मग डेटाची अर्धी अर्धी वाक्यं सगळ्यांना मिळतात आणि फिक्स, म्हणजे होडीची जागा, येतो-जातो. पोर्ट एकट्या सिग्नल केला द्या, ओपनसीपीएनने नेटवर्कवरून ३००० पोर्टवर त्याच्याकडूनच घ्यायचं. आणि ओपनसीपीएनचं आउटपुट परत सिग्नल केमध्ये ढकलू नका, तेच तेच गोल फिरत राहतं आणि सीपीयू तापतो. रिबूटनंतर जीपीएस आणि एआयएसच्या पोर्टांची अदलाबदल होत असेल तर ओपनप्लॉटरच्या सिरीयल ॲपमध्ये त्यांना नावं द्या. एकसारखे स्वस्त यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर असतील तर डिव्हाइसवरून ओळखता येत नाहीत, म्हणून पोर्टवरून लक्षात ठेवायला सांगा आणि मग सॉकेट बदलू नका.

वायरिंगमध्ये दोनच गोष्टी. एनएमईए ०१८३ ला (होडीच्या उपकरणांची एकमेकांशी बोलायची जुनी भाषा) साधी उपकरणं ४८०० वर बोलतात, एआयएस ३८४०० वर, चुकीचा स्पीड असला की कचरा अक्षरं येतात. आणि जुन्या उपकरणाची वायर थेट बोर्डाच्या पिनेला जोडू नका, त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एनएमईए २००० (त्याच भाषेची नवी पिढी) असेल तर पॉवर बंद करून दोन डेटा वायरींमध्ये ओहम मोजा, ६० च्या आसपास पाहिजे. १२० आलं तर एका टोकाचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रेझिस्टर) गायब आहे.

नकाशा चुकत नाही, आपण चुकतो

ओपनसीपीएनसोबत येणारा पाठीमागचा जगाचा नकाशा नेव्हिगेशनसाठी नाहीच, त्यावर खाडीत शिरू नका. आपल्या पाण्याचे अधिकृत चार्ट डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं. आणि चार्टवर खोली एक, साउंडरवर (खोली मोजणाऱ्या यंत्रावर) दुसरी, म्हणून चार्टला शिव्या घालण्याआधी भरती बघा. मुंबईच्या पाण्यात उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास) भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) बराच कमी. ऐरोलीकडे सकाळी जिथे फ्लेमिंगो उभे दिसतात तिथेच दुपारी पाणी असतं, चार्टवरची खोली मात्र नीच ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली. साउंडर पुन्हा सेन्सरपासून मोजतो, त्यामुळे कीलपर्यंतचा (होडीच्या तळाच्या कण्यापर्यंतचा) ऑफसेट टाकलाय का तेही एकदा दोरी आणि वजन सोडून तपासा.

पाय ४ ला बॅटरीवालं घड्याळ नसतं. नेट नसताना चालू केला की जुनीच वेळ धरून बसतो आणि मग भरतीचा आलेख भलताच दिसतो. एकतर आरटीसी मॉड्यूल (तेच बॅटरीवालं घड्याळ) लावा नाहीतर जीपीएसवरून वेळ सेट करायला लावा.

नांगरावर असताना होडी स्क्रीनवर गरगर फिरते म्हणून घाबरू नका, ती दिशा जीपीएसची आहे आणि जागेवर उभं असताना जीपीएसला दिशा कळतच नाही. खरी दिशा हवी तर कंपास सेन्सर बसवा, पण स्पीकर, बॅटरीच्या जाड वायरी आणि लोखंडापासून लांब, आणि कॅलिब्रेशन होडीवरच, घरातल्या टेबलावर केलेलं काही उपयोगाचं नाही.

एआयएसचं शेवटचं. रिसीव्हर लावला म्हणजे आपण दुसऱ्यांना दिसतो असं नाही, तो फक्त ऐकतो. आणि स्क्रीन रिकामी म्हणजे खाडी रिकामी असंही नाही, छोट्या मासेमारी होड्यांवर बहुधा एआयएस नसतं, डोल जाळी बांधायच्या खुंटांवर तर नसतंच, त्यामुळे अंधार पडायच्या आत जेट्टीला या किंवा एक माणूस पुढे बसवा.