पोलिसांच्या कपाटातला कागदही तुमचाच : काउंटी प्रॉसिक्यूटरच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत लॉ स्कूलच्या शेवटाला आलेली आपली मुलं हल्ली विचारतात, "ताई, प्रॉसिक्यूटरच्या ऑफिसात अर्ज करू का?" प्रॉसिक्यूटर म्हणजे इथला सरकारी वकील, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मी हो म्हणते. कर्ज फेडायची घाई असेल तर मात्र आधी मोठ्या फर्ममधल्या आणि काउंटीतल्या पगारांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. तो फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षी जास्त टोचतो. तरीही यायचं असेल तर पुढचं वाचा, विशेषतः पोलिसांकडचा पुरावा बचाव पक्षापर्यंत पोहोचवण्याबद्दलचं.

मी वॉशिंग्टन राज्यातल्या एका काउंटीत डेप्युटी प्रॉसिक्यूटर आहे. पुण्यात एलएलबी केलं, तिथल्या कोर्टात ज्युनिअर म्हणून उभी राहिले, मग इकडे येऊन पुन्हा लॉ स्कूल आणि पुन्हा बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या सनदेची. इथलं सगळं वॉशिंग्टनच्या नियमांवरून लिहिते आहे. राज्य बदललं की नियम बदलतात, पदाचं नावही बदलतं. जाहिराती शोधताना डिस्ट्रिक्ट अटर्नी, स्टेट्स अटर्नी, काउंटी अटर्नी, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स अटर्नी, अशी सगळी नावं टाकून बघा. नागरिकत्वाची अट आहे का तेही आधीच वाचा. ग्रीन कार्डवर चालेल असं गृहीत धरू नका.

आता ऑफिसची रचना. खटला चालतो राज्याच्या नावाने, पण तो भरायचा की नाही हे ठरवणारा माणूस काउंटीच्या मतदारांनी निवडलेला असतो. वॉशिंग्टनमध्ये ३९ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वतंत्र प्रॉसिक्यूटिंग अटर्नी. मुदत चार वर्षं. निवडणुकीची वर्षं २०२२, २०२६ अशी. किंग काउंटीची वस्ती वीस लाखांच्या वर, तर गारफिल्ड काउंटीची अडीच हजारांच्या आत. पद एकच, कायदा एकच. एकीकडे शेकडो वकिलांचं, मजल्यामजल्यांवर पसरलेलं ऑफिस; दुसरीकडे सकाळी दारू पिऊन गाडी चालवल्याची केस चालवणारा आणि दुपारी काउंटी कमिशनरांना जमिनीच्या करारावर सल्ला देणारा एकच माणूस. हे दुसरं काम अनेकांना माहीतच नसतं. इथला प्रॉसिक्यूटर काउंटीचा दिवाणी वकीलही असतो. चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या काउंट्यांमध्ये तर तोच पदसिद्ध कोरोनरही असायचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशीही त्याच्याचकडे. ती पद्धत कायदा बदलून २०२५ च्या सुरुवातीपासून बंद झाली.

मध्यम किंवा मोठ्या ऑफिसात निवडून आलेल्या प्रॉसिक्यूटरच्या हाताखाली एक चीफ फौजदारीचा, एक दिवाणीचा. त्यांच्या खाली युनिटप्रमुख, आणि मग आपण, डेप्युटी. किरकोळ गुन्ह्यांचं युनिट, गंभीर गुन्हे दाखल करणारं युनिट, खटले चालवणारं, घरगुती हिंसाचार, लैंगिक गुन्हे, बालगुन्हेगारी, अपील. शहराच्या हद्दीतले किरकोळ गुन्हे बहुधा शहराच्या वकिलाकडे जातात. वकिलांच्या जोडीला कायद्याच्या कागदपत्रांची कामं करणारे पॅरालीगल आणि लीगल असिस्टंट, पीडितांच्या सोबत राहणारे अ‍ॅडव्होकेट.

आपली नेमणूक निवडून आलेल्या माणसाच्या मर्जीवर असते, हे नीट समजून घ्या. २०१८ च्या जानेवारीत फिलाडेल्फियात लॅरी क्रॅस्नर डिस्ट्रिक्ट अटर्नी झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी ३१ जणांना घरी पाठवलं. लॉस एंजेलिसमध्ये डेप्युटींना सिव्हिल सर्व्हिसचं संरक्षण आहे, म्हणून नोकरी सहसा टिकते, पण धोरण एका दिवसात उलटतं. डिसेंबर २०२० मध्ये तिथले नवे डिस्ट्रिक्ट अटर्नी गॅस्कोन यांनी शपथ घेतली त्याच दिवशी नवे आदेश काढले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या जागी हॉकमन यांनी आल्या आल्या ते फिरवले. कालपर्यंत जी शिक्षा मागायची मनाई होती ती आज मागायची, किंवा त्याच्या उलट. याने घाबरून जाऊ नका. बहुतेक काउंट्यांमध्ये असं नाट्य होत नाही, आणि रोजच्या फाइली चालवणाऱ्या डेप्युटीची गरज प्रत्येक साहेबाला असते. फक्त निवडणुकीच्या वर्षी रुजू होणार असाल तर कोण उभं आहे आणि काय म्हणतंय, ते वाचून या.

भारतातून येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो अधिकाराचा. आपल्याकडे दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात आणि सरकारी वकील ते पुढे चालवतो. मराठी घरात सरकारी वकील म्हटलं की उज्ज्वल निकम डोळ्यांपुढे येतात, खटला गाजवणारे. इथे खटला सुरू होण्याआधीचा निर्णयच आपला. पोलीस कागद पाठवतात. गुन्हा नोंदवायचा का, कोणता, किती कलमं, हे डेप्युटी ठरवतो. वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, जावं लागत नाही. इन्फर्मेशन नावाच्या कागदावर आपली सही झाली की माणूस आरोपी. अटकेसाठी सबळ संशय पुरतो, आपल्या सहीसाठी पुरत नाही. राज्याच्या कायद्यातली खटला भरण्याची मानकं सांगतात की आरोपीचा सर्वांत पटण्याजोगा बचाव डोळ्यांपुढे ठेवून, ग्राह्य पुराव्यावर निःपक्षपाती माणूस दोषी ठरवेल का, ते आधी बघा. त्यात माणूस कोठडीत असेल तर ७२ तासांचं घड्याळ चालू असतं, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. पहिल्या महिन्यांत "दाखल नाही" असं लिहिताना हात जड होतो, समोर मार खाल्लेली बाई असते म्हणून. तिथेही पुरावाच बघायचा, आणि का नाही ते तिला स्वतः फोन करून सांगायचं. हे काम अ‍ॅडव्होकेटवर ढकलणारे डेप्युटी मला आवडत नाहीत.

दुसरा धक्का : इथे ज्युरीने निर्दोष सोडलं की संपलं. आपल्याकडे निर्दोष सुटकेविरुद्ध सरकार अपिलात जातं, इथे ती वाट नाही. म्हणून तयारी आधीच पुरी हवी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. घाईत असाल तर बाकीचं सोडा, पण एवढं वाचा.

आपल्याकडे दोषारोपपत्रासोबत कागदांचा गठ्ठा येतो, आरोपीला त्याची प्रत मिळते, आणि वकील त्या गठ्ठ्यावर काम करतो. ती सवय घेऊन इथे आलात तर अडकलात. १९६३ च्या ब्रेडी विरुद्ध मेरीलँड निकालाने सांगितलं की आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारने दडपला तर तो त्याच्या घटनात्मक हक्काचा भंग आहे, आणि त्यात तुमचा हेतू चांगला होता की वाईट, हे बघितलं जाणार नाही. १९७२ च्या गिग्लिओ निकालाने साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला धक्का देणारी माहितीही त्यात आणली. त्या प्रकरणात एका प्रॉसिक्यूटरने साक्षीदाराला आश्वासन दिलं होतं आणि खटला चालवणाऱ्या दुसऱ्याला ते ठाऊक नव्हतं. कोर्टाने दोघांना एकच धरलं. आणि १९९५ च्या काइल्स विरुद्ध व्हिटलीने उरलेलं दार बंद केलं : पोलिसांना जे माहीत आहे ते शोधून काढणं हे प्रॉसिक्यूटरचं कर्तव्य आहे. "मला पोलिसांनी दिलंच नाही" हे उत्तर चालत नाही. तुम्ही न पाहिलेला कागद तुमच्याच टेबलावर होता असं धरलं जातं.

हे पाठ असून भागत नाही. परीक्षेत मला हे सगळं येत होतं. तरी मारहाणीची एक फाइल माझ्याकडे आली, माझ्याआधी दोघांच्या हातांतून गेलेली. तपास शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, माणसांचा, त्यांचे अहवाल नेटके, साक्षीदार ठाम. पण सगळ्यांत आधी तिथे पोहोचला होता शेजारच्या शहराचा एक पोलीस. तो पाच-दहा मिनिटं थांबून निघून गेला. त्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात तोच साक्षीदार म्हणत होता की चेहरा नीट दिसला नाही. ते चित्रण शहराच्या सर्व्हरवर पडून होतं. शेरीफच्या अहवालात त्या पोलिसाचं नावही नव्हतं. खटल्याच्या तोंडावर, ९११ च्या, म्हणजे मदतीसाठी आलेल्या फोनच्या, नोंदीतला एक क्रमांक जुळेना म्हणून विचारलं, तेव्हा ते सापडलं. त्याच दिवशी ते बचाव पक्षाला दिलं. त्यांनी खटला रद्द करायचा अर्ज केला आणि तो रास्त होता. आमच्याकडे फौजदारी नियम ८.३ खाली सरकारचा ढिसाळपणाही खटला रद्द व्हायला पुरू शकतो, लबाडीच हवी असं नाही. जजनी रद्द केला नाही, तारीख पुढे दिली. पण कोठडीतल्या माणसाचा खटला साठ दिवसांत उभा राहायला हवा असा नियम असताना, तो आणखी काही आठवडे आत बसला. कोणी काहीही लपवलं नव्हतं. मला अजून तेच अस्वस्थ करतं.

आणि लपवलं की काय होतं ते टेक्सासच्या विल्यमसन काउंटीत दिसतं. मायकेल मॉर्टन यांना १९८७ मध्ये पत्नीच्या खुनासाठी जन्मठेप झाली. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितलं होतं की हे बाबांनी केलं नाही, बाबा घरी नव्हते. त्या संभाषणाची लेखी नोंद होती. घराजवळ हिरव्या व्हॅनमधून घुटमळणाऱ्या माणसाबद्दल शेजाऱ्यांनी सांगितलेलंही लिहिलेलं होतं. बचाव पक्षाला यातलं काही मिळालं नाही. डीएनए तपासणीनंतर २०११ मध्ये मॉर्टन सुटले, जवळजवळ पंचवीस वर्षांनी. तेव्हाचे निवडून आलेले डिस्ट्रिक्ट अटर्नी केन अँडरसन पुढे जज झाले होते. २०१३ मध्ये त्यांना पद आणि वकिलीची सनद सोडावी लागली आणि दहा दिवसांची कैद झाली. टेक्सासने मॉर्टन यांच्याच नावाचा कायदा करून २०१४ पासून बचाव पक्षाला फाइल उघडी करणं बंधनकारक केलं.

म्हणून प्रत्येक फाइलीत मी आता आधी ९११ ची नोंद आणि गाड्या पाठवल्याचा लॉग मागवते. घटनास्थळी कोण कोण आलं हे तिथे कळतं, अहवालात नाही. मग प्रत्येक खात्याला वेगळं पत्र : तुमच्याकडचं चित्रण, वहीतल्या नोंदी, फोटो, न पाठवलेले पुरवणी अहवाल. पत्र लेखीच, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा. क्राइम लॅबचा निष्कर्ष पुरत नाही, टेबलावरच्या कच्च्या नोंदीही मागवायच्या. साक्षीदार पोलीस असेल तर ज्यांच्या विश्वासार्हतेवर प्रश्न आहे अशांच्या यादीत, म्हणजे ज्याला सगळे ब्रेडी लिस्ट म्हणतात तीत, त्याचं नाव बघायचं. तुमच्या ऑफिसची त्याबद्दलची लेखी पद्धत पहिल्याच आठवड्यात वाचून काढा.

आणि तोंडी बोललेलंही यात येतं! खटल्याआधीच्या भेटीत साक्षीदार सहज काही वेगळं बोलला, कागदावर काहीच नाही, तरी ते बचाव पक्षाला कळवायचं. म्हणून साक्षीदाराला एकट्याने भेटू नका. सोबत कोणी नसेल आणि तो पुढे शब्द फिरवेल, तर साक्ष द्यायला तुम्हीच उभे राहाल आणि फाइल हातातून जाईल. द्यावं की नाही असा प्रश्न पडला तर द्या. "हे महत्त्वाचं नाही, राहू दे" म्हणणारा सीनियर भेटला तर त्याच्याकडून उलटतपासणी शिका, हे शिकू नका.

गुरूंबद्दल माझं मत ठाम आहे. नवी मुलं खुनाचे खटले जिंकणाऱ्यांच्या मागे फिरतात. त्यांना वेळ नसतो आणि त्यांची शैली तुमच्या अंगाला बसत नाही. तुमच्या युनिटच्या जुन्या लीगल असिस्टंटपाशी बसा. कोणतं पोलीस खातं कागद उशिरा पाठवतं, कोणत्या क्लार्कला कोणता फॉर्म चालतो, हे तिलाच माहीत असतं. दुसरी गोष्ट, पब्लिक डिफेंडरशी, म्हणजे आरोपीला सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाशी, वाकडं धरू नका. कॅमेऱ्याचं चित्रण हवंय म्हणून दोनदा ईमेल करणारा वकील तुमची फाइल पुरी करतोय.

एका वर्षाचं एलएलएम करून न्यूयॉर्कची बार द्यायची, हा मार्ग मी या कामासाठी सुचवत नाही. स्वस्त पडतो, खरं आहे. पण काउंटीत उभं राहायला त्या राज्याची सनद लागते, आणि ऑफिसं बरीच भरती आपल्याच इंटर्नमधून करतात. वॉशिंग्टनमध्ये लॉ स्कूलचा दोन तृतीयांश अभ्यास झाला की रूल ९ चा परवाना घेऊन विद्यार्थी देखरेखीखाली कोर्टात उभा राहू शकतो. इंटर्नशिपच्या त्या उन्हाळ्यात जे दिसतं ते मुलाखतीत दाखवता येत नाही.

उच्चारांची भीती सोडा. सहा जणांच्या ज्युरीपुढे, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्या खटल्यात माझा आवाज थरथरत होता. मराठी हेल आजही आहे. ज्युरीला तुम्ही सावकाश आणि सरळ बोललात की पुरतं. किरकोळ गुन्ह्यांच्या युनिटमध्ये टाकलं म्हणून रुसू नका. तिथे जितके खटले उभे राहून चालवाल तितके पुढे कुठेच मिळणार नाहीत. लैंगिक गुन्ह्यांच्या युनिटमध्ये मात्र लवकर जायची हौस धरू नका. तिथल्या पुराव्यातली चित्रणं झोपेत येतात, आणि त्यासाठी समुपदेशन घेणं हा कामाचाच भाग समजा.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही विचारा : एका डेप्युटीकडे किती फाइली असतात, फाइल हात बदलते तेव्हा मागवलेल्या कागदांची नोंद सोबत येते का, आणि शेजारच्या पोलीस खात्यांकडून चित्रण मागवणं वकिलाचं काम की ऑफिसात त्यासाठी वेगळा माणूस आहे. शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघू लागले, तर तो माणूस तुम्हालाच व्हावं लागेल असं धरा आणि रुजू झाल्या झाल्या लीगल असिस्टंटकडून सगळ्या खात्यांच्या रेकॉर्ड विभागांचे नंबर घेऊन ठेवा.