सौर प्रकल्पाचे युनिट घटले, तर शोध कुठून सुरू करायचा

नुसता युनिटचा आकडा काही सांगत नाही. त्या दिवशी ऊन किती पडलं, ते आधी बघा. पॅनलच्याच कलाने बसवलेल्या पायरॅनोमीटरवर, म्हणजे ऊन मोजणाऱ्या उपकरणावर, दर चौरस मीटरला दिवसभराचे जितके युनिट दिसतात, त्याला पॅनलच्या किलोवॅट-पीक क्षमतेने, म्हणजे भर उन्हातल्या कमाल क्षमतेने, गुणा. तेवढे युनिट आदर्श स्थितीत यायला हवेत. पॅनल ६५ मेगावॅट-पीक आणि ऊन ६ युनिट धरलं, तर ३,९०,००० युनिट. वीज मीटरवर प्रत्यक्षात ३,०४,२०० आले असतील, तर त्यांचं आदर्श युनिटशी प्रमाण, म्हणजे परफॉर्मन्स रेशो (पीआर), ७८ टक्के.

मात्र पायरॅनोमीटरची काच रोज पुसलेली हवी. ती मळली की ऊन कमी नोंदलं जातं, पीआर फुगतो आणि खरा बिघाड झाकला जातो. पीआर अचानक सुधारला, तर आधी ही काच तपासा.

पीआरची तुलना आधीच्या वर्षांतल्या त्याच ऋतूशी करा. पॅनलची क्षमता २५ अंश सेल-तापमानाला मोजलेली असते. सेल ६० अंशांवर गेले आणि पॅनलचा तापमान गुणांक, म्हणजे तापमान वाढल्यावर होणारी घट, अंशामागे ०.३५ टक्के असला, की सुमारे १२ टक्के उत्पादन तिथेच जातं. दुपारी आलेख वरून सपाट दिसला तर घाबरू नका. इन्व्हर्टर पॅनलची डीसी वीज ग्रिडसाठी एसी करतो; ६५ मेगावॅट पॅनलवर ५० मेगावॅटचे इन्व्हर्टर असले की ५० च्या वर वीज जात नाही, म्हणून तसं होणारच. ग्रिड बंद होतं तो वेळ वेगळा काढा.

तरीही घट उरली, तर प्रत्येक इन्व्हर्टरचे युनिट त्याच्या पॅनल क्षमतेने भागा. जो मागे पडेल, त्याचे कंबायनर बॉक्स उघडा; ओळीने जोडलेल्या पॅनलच्या साखळ्या, म्हणजे स्ट्रिंगा, तिथे एकत्र येतात. ऊन स्थिर आणि दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या वर असताना डीसी क्लॅम्प मीटरने एकेका स्ट्रिंगचा करंट घ्या. शेजारच्या स्ट्रिंगा ९ अँपिअरवर आणि एक शून्यावर, म्हणजे बहुधा फ्यूज उडालाय किंवा कनेक्टर जळालाय. चालू लोडवर फ्यूज किंवा कनेक्टर कधीच ओढू नका. डीसीचा आर्क आपोआप विझत नाही, आणि इथे व्होल्टेज १५०० व्होल्टपर्यंत असू शकतं. आधी इन्व्हर्टर थांबवा, आयसोलेटर (जोडणी तोडणारा स्विच) पाडा, करंट शून्य झाल्याची खात्री करा. करंट ठीक, पण ओपन-सर्किट व्होल्टेज (स्ट्रिंग सुटी करून मोजलेलं) शेजारच्या स्ट्रिंगपेक्षा पंधरा-सतरा व्होल्टनी कमी असेल, तर एका पॅनलचा बायपास डायोड, म्हणजे पॅनलच्या सावलीतल्या भागाला वळसा देणारा भाग, शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी.

सगळ्याच स्ट्रिंगा सारख्याच मंद असतील, तर बहुधा धूळ. एक स्ट्रिंग धुवा, शेजारची तशीच ठेवा, करंटमधला फरक मोजा. धुण्याचा खर्च त्यातून निघतो का, ते लगेच कळतं. धुवायचं ते पहाटे किंवा सूर्यास्तानंतर. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते, आणि जड पाण्याचे पांढरे डाग धुळीपेक्षा चिवट असतात.