एकच डेटाबेस, चार कॉम्प्युटर: या चुका टाळा

खत-बियाण्यांचं दुकान, तीन किलोमीटरवर गोदाम आणि संध्याकाळी घरून हिशेब लिहिणारे अकाउंटंट. सगळ्यांनी मिळून एकच नोंद ठेवायची, एवढीच गरज. ऐन खरिपाच्या गर्दीत दुकानातून फोन आला, "काल दुपारच्या पावत्याच दिसत नाहीत हो." जाऊन पाहिलं तर ॲक्सेसची (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये होती, आणि शेजारी त्याच नावाची दुसरी फाइल, नावापुढे गोदामातल्या कॉम्प्युटरचं नाव लागलेली. सकाळच्या पावत्या एकीत, दुपारच्या दुसरीत. पावतीपुस्तकं समोर घेऊन ताळा जुळवण्यात दोन दिवस गेले.

फाइल शेअर केली म्हणजे डेटाबेस शेअर झाला, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह फाइलची प्रत प्रत्येक कॉम्प्युटरवर ठेवतात आणि बदल झाला की ती इतरांकडे पोचवतात. आत कोणाची पावती आहे नि कोणाची उधारी, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. दोघांनी एकाच वेळी लिहिलं की एकाची प्रत बाजूला पडते. अशा दोन फाइली झालेल्या दिसल्या तर आधी सगळ्यांचं काम थांबवा, दोन्हींच्या प्रती काढा, मगच जुळवायला बसा. घाईत एक डिलीट केली तर त्यातल्या नोंदी परत मिळतीलच असं नाही.

ॲक्सेस वाईट नाही. एका ऑफिसात, केबलने जोडलेल्या चार-पाच कॉम्प्युटरवर ते नीट चालतं. फक्त फाइलचे दोन भाग करा: टेबलं सामायिक फोल्डरमध्ये, फॉर्म आणि रिपोर्ट प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. वायफाय किंवा इंटरनेटवरून मात्र ती फाइल उघडू नका, लिहिता लिहिता जोडणी तुटली की फाइल खराब होऊ शकते. शिवाय २ जीबीची मर्यादा आहेच. एसक्यूलाइट या असाच एका फाइलीत चालणाऱ्या डेटाबेसची फाइल नेटवर्क फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी एकदम वापरू नये, असं तर ते बनवणारेच सांगतात.

दोघं-तिघं आणि हजारभर ओळी असतील तर गूगल शीट पुरते, उगाच सर्व्हरच्या (सगळ्यांसाठी एकच डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) मागे लागू नका. पण नोंदींना पावती, पावतीला ग्राहक, ग्राहकाला उधारी अशी साखळी लागली की शीट सोडा. आणि एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे जवळपास १६ हजार रुग्ण याच कारणाने काही दिवस गळाले होते.

माणसं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर मध्ये सर्व्हर हवा: पोस्टग्रेस, मारियाडीबी किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. तिन्ही फुकट मिळतात. इथे फाइलला हात लावतो तो फक्त सर्व्हर, बाकीचे त्याला सांगतात. मी छोट्या टीमला इंटरनेटवर भाड्याने मिळणारं पोस्टग्रेसच सुचवतो, कारण दुकानातला कॉम्प्युटर वीज गेली की बंद पडतो आणि घरी बसलेल्या माणसाचं काम अडतं.

पण सर्व्हर आला म्हणून सगळं आपोआप सुटत नाही. स्टॉकमध्ये युरियाच्या ४० गोण्या. दुकानाने ५ विकल्या, त्याच मिनिटाला गोदामाने १० दिल्या. दोघांच्या स्क्रीनवर ४० होते. दुकानाने ३५ लिहिले, गोदामाने ३०. शिल्लक दिसते ३०, खरी २५. शिल्लक अशी खोडून लिहू नका. रोजकीर्दीत आपण जुना आकडा पुसतो का? प्रत्येक आवक-जावक स्वतंत्र ओळ म्हणून टाका आणि शिल्लक बेरजेने काढा.

मराठी नावांची अडचण तर आपल्याशिवाय कोण सांगणार? सेव्ह केल्यावर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर कॉलम किंवा जोडणी युनिकोडची (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) नाही. मारियाडीबीत अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ ठेवा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलमचा प्रकार एनव्हारकॅर. जिथे प्रश्नचिन्हं साठली, तिथलं मूळ नाव गेलं, ते पुन्हा टाइप करण्यावाचून इलाज नाही. याहून छुपी भानगड 'कऱ्हाड'ची. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर घेऊन ते लिहिलं जातं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घेऊन: कर्‍हाड. डोळ्यांना दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. दुकानात टाकलेला ग्राहक गोदामात शोधून सापडत नाही, मग त्याचं दुसरं खातं उघडतं आणि उधारी दोन ठिकाणी विभागते. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, हा फरक मिटवत नाही. सेव्ह करतानाच एक रूप दुसऱ्यात बदलून घ्या आणि प्रत्येक ग्राहकाला खातेक्रमांक द्या.

"कनेक्ट होत नाही" असा फोन आला की मी आधी एरर शब्दशः वाचून दाखवायला सांगतो. 'रिफ्यूज्ड' असेल तर बहुतेक वेळा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर (मशीनमध्ये शिरण्याचा क्रमांक दिलेला दरवाजा) कोणी ऐकत नाही. पोस्टग्रेस मुळात फक्त स्वतःच्या मशीनचंच ऐकतं आणि एक्सप्रेसमध्ये टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून बोलण्याची पद्धत) बंद असतं, ते सेटिंगमधून उघडावं लागतं. 'टाइमआउट' असेल तर फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडवणारी सोय) किंवा पत्ता बघा. राउटर बंद-चालू झाल्यावर सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदललेला असू शकतो, तो राउटरमध्ये कायमचा बांधून टाका. पासवर्डची तक्रार आली, तर नेटवर्क ठीक आहे.

वैतागून राउटरवर पोस्टग्रेसचं ५४३२ किंवा मारियाडीबीचं ३३०६ पोर्ट सगळ्या जगाला उघडून देऊ नका. जानेवारी २०१७ मध्ये असेच उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून (इंटरनेटवरची खासगी, बंदिस्त वाट) या, आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या.

बॅकअप रोज निघतो, एवढ्यावर विसंबू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या अनेक सोयींपैकी ऐन वेळी बहुतेक निकामी निघाल्या आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी गेल्या. त्या खताच्या दुकानात आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आदल्या रात्रीचा बॅकअप जुन्या लॅपटॉपवर उतरवतात आणि त्यातला शेवटचा पावती नंबर पावतीपुस्तकाशी जुळवून पाहतात. सगळं मिळून अर्धा तास लागतो.