कॅनूतून पक्ष्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

फोटो हलले की पहिला संशय लेन्सवर येतो. कॅनूत मात्र बहुतेक वेळा घोळ वल्ह्याचा असतो.

वल्हं थांबवलं म्हणजे नाव थांबली, असं वाटतं. थांबत नाही ती. सरकत राहते, वर हळूच नाक फिरवते आणि आपण सुतार पक्ष्यावर लेन्स रोखून कमरेतून वळत बसतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं. सुताराने मान झटकली तर ते काय करणार? शटर स्पीड 1/1000 सेकंदाच्या खाली नेऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर सोडा. दाट सावलीत तो 3200 वर गेला तरी जाऊ द्या. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, पक्ष्याचा हललेला डोळा नाही. आणि ट्रायपॉड घरीच ठेवा. त्याचे पाय नावेतच टेकणार, म्हणजे प्रत्येक हिंदकळा थेट कॅमेऱ्यात. कोपर गुडघ्यांवर टेकवा, पुरतं.

पक्षी आधीच उडतात? वल्हं बाहेर काढून पुढे नेताना पात्यावरून टपटपणारं पाणी ऐका. पातं पाण्यातच ठेवून कडेने कापत पुढे आणा. कॅनूच्या काठावर वल्ह्याचा एक ठोका बसला तरी खेळ खलास. नाक पक्ष्याकडे रोखून सरळ जाऊ नका. प्रवाहाच्या वरच्या बाजूने तिरके वाहत या.

खंड्याचा पाठलाग ही तर माझी जुनी खोड. आपण जवळ गेलो की तो पुढच्या फांदीवर, परत गेलो की त्याच्या पुढच्या. त्याची हद्द संपली की वळसा घालून मागे! त्यापेक्षा पांढऱ्या विष्ठेने माखलेली, पाण्यावर झुकलेली फांदी शोधा आणि समोरच्या काठाला सावलीत नाव लावून बसा.

आभाळाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळा येत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +1 ते +1.7. फोकस काटक्यांवर अडकत असेल तर एकच फोकस पॉइंट निवडा. पक्षी जागा न सोडता सारखा ओरडतोय? जवळपास घरटं असेल, मागे फिरा.

नेम साधायला बाजूला झुकू नका. वजन मध्यावर ठेवा, लाइफ जॅकेट अंगातच असू द्या. ड्राय बॅग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पिशवी, गुडघ्यांमध्ये उघडी चालेल, पण वल्हं हातात घेण्याआधी तिचं तोंड निदान तीन घड्या घालून बंद करा. मी एकदा दोनच घातल्या होत्या.