वेट प्लेटचा दीर्घ प्रकल्प: साहित्याची तयारी करताना या चुका टाळा

काचेवर कोलोडियनचा (ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचा, आयोडाइडसारखे क्षार मिसळलेला चिकट द्रव) थर ओतायचा, तो ओला असतानाच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचा, ओल्या अवस्थेतच प्रकाश द्यायचा आणि लगेच डेव्हलप करायचा, ही छायाचित्रणाची वेट प्लेट पद्धत इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली जाहीर केली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 मध्ये, म्हणजे ही पद्धत आपल्या हवेला नवखी नाही. तरीही आज हाती येणाऱ्या बहुतेक कृती थंड हवेतल्या कारागिरांनी लिहिलेल्या असतात, आणि त्या जशाच्या तशा उचलून महाराष्ट्रात वर्ष-दोन वर्षांचे काम सुरू केले की पहिल्या काही आठवड्यांनंतर प्लेटा बिघडू लागतात.

कार्यशाळेत शिकणाऱ्याची एखादी प्लेट सुरेख येते. पण एकाच विषयावर, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा धरून, एका दर्जाच्या प्लेटांची मालिका करणे हे वेगळेच काम आहे. या पद्धतीतले बिघाड सहसा एका दिवसात होत नाहीत. कॅमेऱ्यात प्लेट धरणाऱ्या चौकटीच्या, म्हणजे होल्डरच्या, लाकडात चांदी मुरत जाते, बाथमध्ये (प्लेट बुडवायच्या सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात) अल्कोहोल आणि ईथर साचत जातात, कोलोडियनमध्ये आयोडीन सुटत जाते, आणि डाग दिसू लागतो तेव्हा नेमके कुठे बिनसले हे सांगता येत नाही. म्हणून तयारी करताना साहित्य नुसते जमवून भागत नाही. बिघाड झाल्यावर त्याचे मूळ सापडेल अशा रीतीने ते लावून ठेवावे लागते. खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे प्लेट होल्डर. जुना ड्राय प्लेटचा (आधीच तयार केलेल्या कोरड्या काचेचा) किंवा फिल्मचा होल्डर घेऊन सुताराकडून तो कापून घेतला जातो आणि प्लेट आत बसली की काम झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात तपासायचे असते ते वेगळेच: फोकस ज्या घासलेल्या काचेवर केला तिची घासलेली बाजू आणि प्लेटची कोलोडियनची बाजू, ही दोन्ही प्रतले लेन्सपासून नेमक्या सारख्या अंतरावर येतात का? व्हर्निअर कॅलिपरच्या खोली मोजणाऱ्या पट्टीने होल्डरच्या टेकणाऱ्या कडेपासून प्लेटच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजावे आणि घासलेल्या काचेच्या चौकटीवर तीच मोजणी करावी. विषयाच्या एक पंचमांश आकाराची प्रतिमा घेत असाल, तर इथली एक मिलिमीटरची चूक विषयाकडे सुमारे अडीच सेंटिमीटर होते. होल्डर तेवढा खोल असेल तर डोळ्यांवर साधलेला फोकस नाकाच्या शेंड्यावर येतो, आणि छायाचित्रकार मात्र बसणारी व्यक्ती हलली असे समजून डोके स्थिर धरणारा टेकू बदलत बसतो. फुटलेली घासलेली काच बदलताना तिची खडबडीत बाजू बाहेर बसवली गेली, तरी फोकस असाच सरकतो, फक्त उलट दिशेला. ती बाजू नेहमी लेन्सकडेच असली पाहिजे.

काचेच्या जाडीचा घोळही इथलाच. प्लेट पुढच्या कोपऱ्यांवर टेकून मागून स्प्रिंगने दाबली जात असेल, तर 2 मिलिमीटरऐवजी 3 मिलिमीटरची काच आल्याने फोकस सरकत नाही. प्लेट मागच्या पाठीवर टेकत असेल तर तो सरकतो. आपला होल्डर यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे आणि मगच काचवाल्याकडे वर्षाची काच एकाच जाडीची सांगावी.

त्यानंतर येतो तो ओघळ. बाथमधून निघालेल्या प्लेटच्या खालच्या कडेला चांदीचे द्रावण साचते आणि होल्डरमध्ये टपकते. कच्चे लाकूड ते पिते, काळे पडते, आणि पुढच्या प्लेटच्या कोपऱ्यांतून शिंपल्याच्या आकाराचे राखाडी डाग आत सरकलेले दिसतात. असे डाग कोपऱ्यांतून किंवा कडेवरून सुरू होत असतील, तर बाथ किंवा डेव्हलपरला हात न लावता आधी होल्डर पाहावा. लाकडाला आतून लाखेच्या वार्निशचे तीन-चार हात द्यावेत, कोपऱ्यांवर शक्य तर शुद्ध चांदीची तार किंवा काच बसवावी, खाली टीपकागदाची पट्टी ठेवून ती प्रत्येक प्लेटनंतर बदलावी आणि दिवसाचे काम संपल्यावर होल्डर पुसून कोरडा करावा. प्लेटची जी कड बाथमधून निघताना खाली होती तीच होल्डरमध्ये, वाहून नेताना आणि कॅमेऱ्यातही खाली राहिली पाहिजे. होल्डरवर बाणाची खूण करून ठेवली तर डार्क बॉक्सच्या (प्लेट तयार आणि डेव्हलप करायच्या अंधाऱ्या पेटीच्या) अंधुक उजेडातही ही चूक होत नाही. आडवी प्लेट घ्यायची असल्यास होल्डर कॅमेऱ्यात फिरवण्याऐवजी आडव्या प्लेटसाठी वेगळी चौकट करून घ्यावी.

बाथविषयीची पहिली चूक म्हणजे एकच बाथ घेऊन निघणे. दोन लिटरच्या टाकीत नऊ टक्क्यांचे द्रावण करायचे तर 180 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागते, आणि चांदीचा भाव पाहता दुसरा बाथ करायला मन धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण लांबच्या कामात हीच काटकसर सर्वांत महाग पडते, कारण एकमेव बाथ धुकट प्लेटा देऊ लागला की तो गाळून, उन्हात ठेवून पुन्हा ठीक होईपर्यंत काम थांबते. टाकी मोठी नसली तरी चालेल. बाथ दोन असावेत, त्यांवर वेगळ्या खुणा असाव्यात आणि ते आळीपाळीने वापरावेत.

दुसरी चूक पाण्याची. सिल्व्हर नायट्रेटला क्लोराइड चालत नाही, आणि नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात ते असतेच. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी पुष्कळदा चालून जाते, पण प्रत्येक कॅन तपासल्याशिवाय वापरू नये. स्वच्छ काचेच्या पेल्यात थोडे पाणी घ्यावे, त्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब सोडावेत आणि पेला काळ्या कागदासमोर धरावा. थेंब पडताच धुरासारखी दुधी रेघ उमटली, तर ते पाणी बाथसाठी बाद. एवढ्या चाचणीला मिनिट लागत नाही, आणि ती न केल्यामुळे सगळा बाथ गढूळ होऊ शकतो.

तिसरी चूक मोजणीची आहे आणि ती अनुभवी लोकांकडूनही होते. नऊ टक्क्यांच्या ताज्या बाथची सापेक्ष घनता सुमारे 1.07 असते. बॅटरीच्या दुकानातला हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) साधारण 1.100 पासून पुढे मोजतो, त्यामुळे तो इथे निरुपयोगी आहे. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून 1.000 पासून सुरू होणारा घ्यावा. पण योग्य हायड्रोमीटरही फसवतो. प्रत्येक प्लेटबरोबर थोडे ईथर आणि अल्कोहोल बाथमध्ये उतरते, ते पाण्यापेक्षा हलके असल्याने घनता कमी दिसते, आणि चांदी संपली असे समजून सिल्व्हर नायट्रेट वाढवले जाते. बाथमधून काढलेल्या प्लेटवर तेलकट ओघळ दिसत असतील आणि द्रावण सलग पसरत नसेल, तर अल्कोहोल साचल्याची शंका आधी घ्यावी. अशा वेळी बाथ रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, वर पातळ कापड बांधून, उन्हात ठेवावा. अल्कोहोल उडून जाते आणि सेंद्रिय घाण काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. मग गाळून, घनता पाहून आणि नायट्रिक आम्लाच्या थेंबांनी आम्लता पुन्हा पीएच 4 च्या आसपास आणून बाथ परत वापरता येतो. बाथमध्ये लोखंड, तांबे किंवा पितळेचा तुकडाही पडता कामा नये, कारण हे धातू द्रावणातली चांदी बाहेर काढतात. टाकीजवळ धातूचा चिमटा ठेवूच नये.

आता उन्हाळा. ईथर 34.6 अंश सेल्सिअसला उकळते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान याच्या बरेच वर असते आणि उभ्या गाडीच्या डिकीत तर त्याहूनही जास्त. बाटलीचे बूच सैल राहिले तर कोलोडियन दाट होत जाते आणि काचेवर ओतताना लाटा व जाड कडा दिसू लागतात. थंड हवेची कृती इथे आणताना ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त हे प्रमाण उन्हाळ्यासाठी आधीच ठरवावे. जागेवर अंदाजाने पातळ करत बसू नये. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवाव्यात, पण बर्फाशी थेट लावू नयेत आणि थंडगार कोलोडियन लगेच ओतू नये. हवेतले बाष्प त्यावर धरले की थरावर जाळी उमटते.

उष्णतेत डेव्हलपरही घाई करतो. पंधरा सेकंदांत येणारी प्रतिमा पाच-सात सेकंदांत उसळून वर येते आणि पाण्याने थांबवेपर्यंत सावल्या धुकट झालेल्या असतात. फेरस सल्फेट कमी करणे किंवा ॲसेटिक आम्ल वाढवणे हा त्यावरचा उपाय आहे. एका दिवशी यांतला एकच बदल करावा. प्लेट ओली राहण्याचा वेळ कोरड्या उन्हाळ्यात निम्म्याहूनही कमी होतो, म्हणून होल्डरमध्ये प्लेटच्या पाठीशी ओला टीपकागद ठेवावा आणि डार्क बॉक्स कॅमेऱ्यापासून काही पावलांवरच लावावा.

कोलोडियनच्या प्रकाराचाही विचार दीर्घ कामासाठी वेगळा करावा लागतो. अमोनियम किंवा पोटॅशियमच्या क्षारांचे कोलोडियन लवकर वापरायोग्य होते, पण लवकर लालही पडते. कॅडमियमच्या क्षारांचे सावकाश पिकते आणि अधिक काळ टिकते. लाल पडलेले कोलोडियन मंद होते आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवते. वर्षभराचे कोलोडियन एकदाच करून ठेवले तर मालिकेतल्या पहिल्या आणि शेवटच्या प्लेटचा स्वभाव जुळत नाही. आयोडाइज न केलेले, म्हणजे क्षार न मिसळलेले, कोलोडियन आणि क्षारांचे अल्कोहोलमधले द्रावण वेगळे ठेवून, ठराविक अंतराने थोडेथोडे मिसळावे आणि बाटलीवर तारीख घालावी. यासाठी लागणाऱ्या शुद्ध अल्कोहोलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम लागू होतात, तेव्हा परवान्याची चौकशी प्रकल्पाच्या आधी करावी. पॉलिशवाल्यांकडच्या स्पिरिटमध्ये इतर द्रव्ये मिसळलेली असतात. ते काच पुसायला ठीक आहे, पण कोलोडियनमध्ये किंवा डेव्हलपरमध्ये वापरू नये.

डार्क बॉक्सचा लाल दिवा डोळ्यांना लाल दिसला म्हणून सुरक्षित ठरत नाही. कोलोडियन निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रामुख्याने प्रतिसाद देते, पण लाल रंग दिलेल्या स्वस्त दिव्यातून निळा प्रकाश निसटत असतो. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. लालखेरीज निळ्या-हिरव्या पट्ट्या दिसल्या तर तो दिवा नको. खरी परीक्षा मात्र प्लेटचीच. चांदीच्या बाथमधून काढलेली प्लेट बॉक्समध्ये अर्धी झाकून, प्रत्यक्ष कामाला लागतो तेवढा वेळ ठेवावी आणि डेव्हलप करावी. उघड्या भागात धूसरपणा आला तर दिव्यातून किंवा शिवणीतून प्रकाश येतो आहे. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बॉक्सला खालच्या बाजूलाही, प्रकाश न येईल असे, हवेचे छिद्र असावे आणि ठिणगी पडू शकेल असा साधा पंखा आत नसावा.

कॅमेऱ्याच्या भात्याची (लेन्स आणि प्लेट यांमधल्या घड्यांच्या नळीची) तपासणी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून, भाता पूर्ण ताणून करावी. टाचणीएवढे छिद्र क्षणभराच्या फोटोत खपून जाते, दहा सेकंदांच्या प्रकाशनात नाही. पावसाळ्यात घड्यांमध्ये बुरशी धरते, म्हणून भाता मिटून महिनोन्महिने ठेवू नये. लेन्स निवडताना अतिनील प्रकाश अडवणारा लेप असलेल्या आधुनिक लेन्सपेक्षा पेट्झवाल रचनेची (एकोणिसाव्या शतकातली, मोठ्या छिद्राची) जुनी लेन्स पुष्कळदा वेगवान ठरते. प्रकाशमापकावर विसंबणे चुकीचे आहे, कारण तो सगळा दृश्य प्रकाश मोजतो आणि संध्याकाळच्या पिवळट उजेडात तर पुरता चुकतो. डार्क स्लाइड (होल्डरवरची प्रकाश अडवणारी सरकती पट्टी) टप्प्याटप्प्याने सरकवून केलेली चाचणी पट्टी हेच खरे मोजमाप.

काचेच्या धारदार कडा धार लावायच्या दगडाने न घासल्यामुळे डेव्हलप करताना थर कडेपासून सुटतो. हा दोष कोलोडियनचा समजून लोक कृती बदलतात. खडूची पूड, स्पिरिट आणि पाणी यांनी काच घासल्यावर तिच्यावर हलकी फुंकर मारावी. वाफ सारखी धरली नाही तर ती पुन्हा घासावी.

सुरक्षेबाबत तडजोड नको. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून बाथचे झाकण उघडण्याआधी गॉगल चढवावा आणि डोळे धुण्याचे स्वच्छ पाणी हाताशी ठेवावे. फिक्सिंगसाठी (प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार विरघळवून प्रतिमा कायम करण्यासाठी) पोटॅशियम सायनाइड वापरू नये. ते स्वतः घातक विष आहेच, शिवाय आम्ल मिसळताच त्यातून विषारी वायू सुटतो आणि आपल्या डेव्हलपरमध्ये आम्ल असतेच. हायपो (सोडियम थायोसल्फेट) थोडा सावकाश काम करतो, पण रानात, डॉक्टरपासून दूर, तोच योग्य. वापरलेला हायपो आणि धुण्याचे पहिले पाणी ओढ्यात न ओतता कॅनमध्ये परत आणावे.

वार्निशचे काम बहुतेक जण घरी परतल्यावर करतात, ते बरोबरच आहे, पण पावसाळ्यात काळजी घ्यावी लागते. प्लेट गार किंवा दमट असेल तर सँडरॅक या झाडाच्या राळेचे वार्निश दुधट होते. प्लेट पूर्ण वाळवून, हाताच्या पाठीला ऊबदार लागेल इतकी तापवून, ज्योत दूर ठेवून मग वार्निश ओतावे आणि पुन्हा ऊब द्यावी. वार्निश कडक होईपर्यंत प्लेटा खाचांच्या लाकडी रॅकमध्ये उभ्या ठेवाव्यात. कागदात गुंडाळून एकमेकींवर रचल्या तर दमट हवेत कागद थराला चिकटतो. प्रत्येक प्लेटच्या काचेच्या बाजूला, कोपऱ्यात, हिऱ्याच्या लेखणीने क्रमांक कोरावा आणि वहीत त्याच क्रमांकासमोर बाथ कोणता, कोलोडियनची तारीख, हवेचे तापमान, प्रकाशनाचे सेकंद आणि दोष असल्यास तो कोणत्या कडेपासून सुरू झाला, हे लिहावे. कागदाची चिठ्ठी चिकटवू नये. पहिल्याच पावसाळ्यात ती गळून पडते.